पाच फुटी गोल सागवानी टॉप उपाहारगृहासाठी करायचा आहे. तडा जाऊ नये म्हणून बांधणी कशी असावी?

बैठकपंगत

नमस्कार मंडळी,

पुण्यात डेक्कन परिसरात आमचे थाळीचे छोटे उपाहारगृह आहे. शेजारचा गाळा नुकताच मिळाल्यामुळे तिथे सहकुटुंब येणाऱ्यांसाठी चार मोठी गोल टेबले ठेवावीत असा विचार आहे. प्रत्येक टेबलाभोवती आठ जण बसावेत, म्हणून व्यास पाच फूट, म्हणजे साधारण १५०० मिलिमीटर, ठरवला आहे. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एकमेकांचे तोंड दिसावे, कोणीही टोकाला पडू नये, ही गोल टेबलामागची इच्छा आहे आणि ती सोडायची नाही.

अडचण अशी की याआधी एकदा हात पोळले आहेत. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका कारखान्याकडून याच मापाचे एक टेबल करून घेतले होते. टॉप भरीव सागवानाचा होता, खाली चौकोनी लोखंडी पाइपांची वेल्डिंग केलेली चौकट होती आणि त्या चौकटीला टॉप सोळा स्क्रूंनी घट्ट आवळलेला होता. पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, फाटकन आवाज आला. जवळ जाऊन पाहिले तर कडेपासून आत दोन फुटांपर्यंत तडा गेलेला होता. त्या फटीत रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सहज सरकत होती. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून आम्ही ती फट भरून घेतली. जुलै उजाडला तेव्हा भरलेला भुसा वरंब्यासारखा वर आला आणि त्याच्या शेजारी दुसरा तडा गेला. करणाऱ्याने लाकूड खराब निघाले असे सांगितले. मला ते पटले नाही, पण खरे कारण कोणते हेही कळले नाही.

आता चार टेबलांचा खर्च करण्यापूर्वी नीट समजून घ्यायचे आहे. भरीव लाकूडच घ्यावे की प्लायवर व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावावे, टॉप किती जाड असावा, पायाशी तो कसा जोडावा, आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा ओल्या फडक्याने पुसला जाणारा पृष्ठभाग टिकण्यासाठी कोणते पॉलिश करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

रंधा

नमस्कार. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये लाकूड निवडण्यात आणि ते जोडण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपले लाकूड खराब नव्हते. त्याला हलायला जागा ठेवली नव्हती, एवढाच दोष होता. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आणि पॉलिश कितीही चांगले असले तरी ही देवघेव मंदावते, थांबत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असली तर लाकूड हळूहळू सुमारे १६ टक्के ओलाव्यावर स्थिरावते, ५० टक्के असली तर सुमारे ९ टक्क्यांवर आणि ३० टक्के असली तर सुमारे ६ टक्क्यांवर. पुण्यातल्या पावसाळ्याची आणि मार्च-एप्रिलमधल्या कोरड्या दुपारींची आठवण केली म्हणजे आपल्या टेबलाला वर्षभरात काय सोसावे लागते याचा अंदाज येईल.

हे फुगणे-आकसणे सगळीकडे सारखे नसते, आणि गोल टेबलाचे सगळे दुखणे इथेच आहे. रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या धाग्यांच्या, दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही; आडव्या दिशेने मात्र हलते. सागवानाच्या बाबतीत ओलावा एका टक्क्याने बदलला की आडव्या वलयांची फळी (जिच्या कापलेल्या टोकावर वाढीची वलये पृष्ठभागाला समांतर दिसतात ती) रुंदीला सुमारे ०.१८६ टक्के बदलते आणि उभ्या वलयांची फळी सुमारे ०.१०१ टक्के. आपल्या चौकटीवर कडेचे स्क्रू एकमेकांपासून १२०० मिलिमीटरवर होते आणि ऑगस्टमधला १४ टक्के ओलावा मार्चपर्यंत ९ टक्क्यांवर आला असे धरले, तर फळ्या आडव्या वलयांच्या असताना लाकडाला तेवढ्या भागात ११ मिलिमीटर आकसायचे होते. लोखंड जागचे हलणार नव्हते आणि स्क्रू सोडत नव्हते. मग लाकूड आपल्या सर्वांत दुबळ्या जागी फाटले. पावसाळ्यात ते पुन्हा फुगले तेव्हा फटीत भरलेल्या भुशाने पाचरीचे काम केले.

याचा दुसरा अर्थ असा की भरीव लाकडाचे गोल टेबल वर्षभर गोल राहत नाही. आज १५०० मिलिमीटरचा काढलेला गोल पावसाळ्यात एका दिशेने १५०० आणि दुसऱ्या दिशेने १५०६ किंवा १५१० भरू शकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण त्याभोवती लोखंडी पट्टीचे कडे बसवले तर ते नक्की कळते, कारण उन्हाळ्यात कड्याच्या दोन बाजूंना फट दिसते आणि पावसाळ्यात सांध्यांवर ताण येतो. बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, बसते ती बसतेच, याचे कारण असे की चाकाच्या परिघावरचे तुकडे रेषांच्या दिशेने धावेलगत फिरवून लावलेले असतात. आपल्या टॉपमध्ये सगळ्या फळ्या एकाच दिशेने असतात, त्यामुळे चाकाचा न्याय इथे लागू पडत नाही. दिसायला छान म्हणून कडे सुचवणारे भेटतील. भरीव टॉपला ते करू नये.

लाकूड घेताना फळीचा दर्शनी भाग नंतर पाहावा, आधी तिचे कापलेले टोक पाहावे. टोकावर थोडे पाणी लावले की वलये स्पष्ट दिसतात. ती वरच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी असली तर ती फळी आपल्याला हवी. सगळ्या फळ्या तशा मिळणार नाहीत आणि मिळाल्या तर भाव जास्त लागेल, पण पाच फुटांच्या रुंदीवर चार टक्क्यांच्या फरकाला ११ ऐवजी ६ मिलिमीटरच हालचाल होते, आणि तेवढ्यासाठी मी स्वतः जास्त पैसे मोजतो. बाहेरचा पांढरट भाग आणि खोडाच्या अगदी मध्यातला मऊ गाभा दोन्ही टाकावेत. मॉइश्चर मीटर सोबत न्यावे आणि केवळ टोकाला नव्हे, फळीच्या मध्यावर, शक्य झाल्यास ताज्या कापावर ओलावा मोजावा. भट्टीत सुकवलेले लाकूड आणले तरी ते आपल्या कारखान्यात, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून हवा खेळती राहील असे, दोन-तीन आठवडे रचून ठेवावे. पुण्यासाठी मी १० ते ११ टक्क्यांवर जोडकाम करतो. हॉल वातानुकूलित असेल तर ९ च्या जवळ. ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ जोडकामाला चांगला. भर पावसाळ्यात करून द्या असा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला मी थांबायला सांगतो.

जुन्या वाड्यांचे उतरवलेले सागवान मिळाले तर ते जरूर पाहावे. ते अनेक दशके सुकलेले असते आणि त्याचा रंग नव्या लाकडाला येत नाही. मात्र त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात, म्हणून रंध्यावर घालण्यापूर्वी प्रत्येक इंचावरून मेटल डिटेक्टर फिरवावा. आणि जुने लाकूड हलत नाही हा समज सोडावा. ओलाव्यापुढे जुने-नवे सारखेच.

तयार जाडी ३२ मिलिमीटर ठेवावी, त्यासाठी ३८ मिलिमीटरची फळी घ्यावी. तयार गोल जेमतेम २ घनफुटांचा असतो, पण चौरस जोडून गोल कापायचा म्हटले तर लाकूड ३ घनफुटांवर जाते आणि वेस्टेज धरून साडेतीन-पावणेचार घ्यावे लागते. यात बचत करता येते. फळ्या साधारण ९५ मिलिमीटर रुंद धरल्या तर सोळा लागतात, आणि अगदी कडेची फळी पूर्ण दीड मीटर लांब लागतच नाही. तिच्या आतल्या कडेवर गोलाची लांबी सुमारे ७३० मिलिमीटरच असते. म्हणून जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा गोल काढून त्यावर फळ्या मांडाव्यात आणि कडेकडे आखूड तुकडे वापरावेत.

एका दमात सोळा फळ्या जोडू नयेत. तीन किंवा चार फळ्यांचे एकेक पॅनेल करावे, ते मशीनवर सपाट करून घ्यावे आणि मग पॅनेल एकमेकांना जोडावीत; शेवटच्या सांध्यांत पातळी जुळण्यासाठी डॉवेल (गोल लाकडी खुंटी) किंवा बिस्किट (चपटी लाकडी चकती) घालावे. ताकद त्यांच्यामुळे येत नाही, ती सरळ रंधलेल्या कडेमुळे आणि डिंकामुळे येते. सागवान तेलकट असते, त्यामुळे कड रंधल्यावर त्याच दिवशी, शक्यतो तासा-दोन तासांत, पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्रकारच्या फेव्हिकॉलने जोडावे. त्याआधी कड ॲसिटोनने पुसून पूर्ण वाळू द्यावी. क्लँप दर २०० ते २५० मिलिमीटरवर, एक वरून आणि एक खालून असे लावावेत, नाहीतर पॅनेल कढईसारखे वाकते. सांध्यातून डिंकाचे बारीक मणी सगळ्या लांबीवर सारखे बाहेर आले म्हणजे दाब बरोबर आहे असे समजावे. जिथे मणी नाहीत तिथे पुढे फट येणार.

गोल कापताना मध्ये खालच्या बाजूने खिळा ठोकून पट्टीचा कंपास करावा, जिगसॉने २-३ मिलिमीटर बाहेरून कापावे आणि उरलेले राऊटरने (फिरत्या कटरच्या हातयंत्राने) ५-६ मिलिमीटरच्या टप्प्यांत काढावे. पूर्ण फेरीत दोन चतुर्थांश भाग असे येतात जिथे कटर रेषांच्या उलट जातो आणि ढलपी निघते. तिथे फार थोडे थोडे घ्यावे. सागवानात सिलिका असल्यामुळे साधे कटर लवकर बोथट होते, कार्बाईडचेच वापरावे.

आता आपल्या मुख्य दुखण्याचा उपाय. टॉपच्या खालून, रेषांना आडव्या अशा दोन लोखंडी चॅनेल (इंग्रजी सी आकाराच्या पट्ट्या) खाच करून बसवाव्यात. त्यांचे काम टॉप सपाट ठेवण्याचे आहे, बांधून ठेवण्याचे नाही. चॅनेलच्या मध्यावरचे भोक गोल असावे आणि तिथे स्क्रू घट्ट बसावा. बाकी सगळी भोके चॅनेलच्या लांबीच्या दिशेने २० मिलिमीटर लांबट असावीत, आणि लाकडात पितळी किंवा लोखंडी आट्यांचे इन्सर्ट बसवून त्यांत वॉशरसह बोल्ट लावावेत. बोल्ट हाताने आवळून पाव फेरा द्यावा, त्याहून जास्त नको. लाकडातली खाच चॅनेलपेक्षा दोन्ही टोकांना १० मिलिमीटर जास्त लांब ठेवावी. मग मध्य जागेवर राहतो आणि दोन्ही बाजूंचे लाकूड आपल्या मर्जीने सरकते. पुण्यातल्या जुन्या वाड्यांची दारे पाहिलीत तर चौकटीच्या खाचेत फळी मोकळी बसवलेली दिसेल. त्या सुतारांनी हे सगळे हिशेब न मांडता जाणले होते, असे मला नेहमी वाटते.

तांब्याभांडे

रंधा यांनी लिहिलेले सगळे मोलाचे आहे, परंतु उपाहारगृह चालवणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी मांडणे आवश्यक वाटते. सिंहगड रस्त्यावर आमची नऊ गोल टेबले आहेत. त्यांतली दोन भरीव लाकडाची आणि बाकीची प्लायची आहेत, आणि दोन्हींची सेवा रोज करावी लागते.

आधी माप. १५०० मिलिमीटर व्यासाचा परीघ ४७१२ मिलिमीटर होतो, म्हणजे आठ जणांना प्रत्येकी ५८९ मिलिमीटर. साधारण ६०० मिलिमीटर असले की कोपर कोपराला लागत नाही, त्यामुळे आठ जण बसतात, पण नववी खुर्ची कधीही लावू नये. थाळीच्या जेवणाला आणखी एक हिशेब लागतो. ३३० मिलिमीटरचे ताट कडेपासून थोडे आत ठेवले की ताटांचे मध्य कडेच्या वर्तुळावर न येता सुमारे ११२० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर येतात आणि तिथे प्रत्येकाच्या वाट्याला ४४० मिलिमीटरच उरतात. ताट मावते, शेजारी पाण्याचा पेला मावतो, वाट्या ताटातच असलेल्या बऱ्या. मध्ये सुमारे ७९० मिलिमीटरचा गोल मोकळा राहतो, त्यात भाताचे भांडे, पोळ्यांचा डबा आणि लोणच्याची बरणी नीट बसते आणि सगळ्यांचा हात पोहोचतो. सहा फुटी टेबल मी एकदा करून पाहिले; मधल्या भांड्यापर्यंत मुलांचा हात पोहोचत नव्हता आणि वाढप्यालाही वाकावे लागत होते.

आता पॉलिश. आपल्या जेवणात हळद आहे, तेल आहे आणि लिंबू आहे. तेलाच्या पॉलिशचा टॉप दिसायला सुरेख असतो, पण पहिल्याच आठवड्यात त्यावर रश्श्याच्या वाटीचे पिवळे कडे उमटते. उन्हात ठेवले तर हळदीचा डाग फिका होतो हे खरे, पण चालू धंद्यात टेबल उन्हात ठेवणार कोण? लाखेच्या पॉलिशचा तर विचारही करू नये, कारण ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि टेबलावर हातांचे सॅनिटायझर सांडणे ही आता रोजची गोष्ट आहे. आमच्याकडे दोन घटकांचे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश टिकले. ते वर आणि खाली दोन्ही बाजूंना सारख्या थरांत लावून घ्यावे. आमच्या पहिल्या टॉपला खालून एकच हात दिला होता, आणि तो सहा महिन्यांत वाकला. पॉलिश झाल्यावर पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्यावा. उद्घाटनाची घाई असली तरी त्यावर गरम भांडी मांडू नयेत. लोखंडी तवा किंवा सिझलर थेट ठेवला तर पीयूवरही पांढरा डाग पडतो, म्हणून लाकडी पाट्या ठेवाव्याच लागतात.

काच टाका असे पुष्कळ जण सांगतात. ८ मिलिमीटर जाडीची पाच फुटी गोल काच सुमारे ३५ किलोंची होते, म्हणजे टॉपच्या वजनाइतकीच. पुसताना काचेच्या कडेखाली पाणी शिरते आणि तिथेच राहते. आमच्या टेबलावर काच उचलली तेव्हा खाली ओल्या भांड्याच्या आकाराचे काळे वर्तुळ होते.

मला स्वतःला रोजच्या वापरासाठी प्लाय जवळचे वाटते. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायचे १८ मिलिमीटरचे दोन थर एकमेकांवर चिकटवले की ३६ मिलिमीटरचा टॉप होतो, जो ऋतूप्रमाणे हलत नाही. अडचण अशी की ताव ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे १२२० मिलिमीटर रुंद असतो आणि आपल्याला १५०० हवे असतात. यावर आमच्या सुतारांनी काढलेली युक्ती सांगतो. तावातून १५०० लांब आणि १२२० रुंद तुकडा घ्यायचा आणि गोलाचा जो भाग बाहेर राहतो तो धनुष्याच्या आकाराचा तुकडा, सुमारे ११७० मिलिमीटर लांब आणि २८० मिलिमीटर रुंद, त्याच तावाच्या उरलेल्या भागातून काढायचा. तो बसतो. म्हणजे एका थराला एकच ताव पुरतो. दुसऱ्या थराचा सांधा पहिल्याला काटकोनात येईल असा फिरवून ठेवायचा. वर सनमायका लावायचा असेल तर लक्षात घ्यावे की त्याचाही ताव ८ बाय ४ फुटांचाच असतो, त्यामुळे वर सांधा दिसणार. तो लपवण्यापेक्षा मध्यावरून ठसठशीत नक्षीचा भाग म्हणून दाखवलेला बरा. व्हिनियर लावणार असाल तर कडेला सागवानाच्या ५-६ मिलिमीटरच्या पट्ट्या एकावर एक वाकवून चिकटवाव्यात. प्लाय हलत नाही, म्हणून इथे गोल कड चालते. खुर्च्यांचे हात आणि वाढप्याच्या ट्रॉलीचे धक्के सगळे कडेलाच बसतात आणि व्हिनियरची उघडी कड फार काळ टिकत नाही.

रंधा

तांब्याभांडे यांचे पीयूबद्दलचे आणि दोन्ही बाजूंना सारखे थर देण्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. प्लायबद्दल एवढेच म्हणेन की व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. दहा वर्षांनी पृष्ठभाग घासून पुन्हा पॉलिश करायची वेळ आली की भरीव टॉपला आणखी दहा वर्षे मिळतात आणि व्हिनियरखाली प्लाय दिसू लागते. पॉलिशवाल्याला एक सांगावे: गोल टॉपच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना फळ्यांची कापलेली टोके येतात, ती जास्त पॉलिश पितात आणि काळपट दिसतात. माथा १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला तर ही टोके ३२० पर्यंत घासावीत आणि त्यांना सीलरचा एक हात जास्त द्यावा. पाणीही तिथूनच सर्वांत आधी शिरते.

काटकोन

मी भोसरीत फॅब्रिकेशनचे काम करतो. वर टॉपबद्दल पुष्कळ लिहिले गेले. पायाबद्दल कोणी लिहिले नाही, आणि सार्वजनिक जागेत टेबल उलटणे हा तडा जाण्यापेक्षा गंभीर प्रकार आहे.

आपल्या १५०० मिलिमीटर व्यासाच्या ३२ मिलिमीटर जाड सागवानी टॉपचे वजन सुमारे ३७ किलो होईल. मधल्या एका खांबावर उभा असलेला पाया ३० किलोंचा धरू, म्हणजे एकूण ६७. टेबल उलटते ते पायाच्या कडेवरून. पायाची कड मध्यापासून ३०० मिलिमीटरवर असेल तर टॉपच्या कडेवर साधारण ४५ किलो भार आला की टेबल कलते. ४५ किलो म्हणजे काय, तर गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी उठताना दोन्ही हातांनी दिलेला रेटा. तीच कड ४०० मिलिमीटरवर नेली तर ७५ किलोंपर्यंत टेबल उभे राहते. फक्त १०० मिलिमीटरने इतका फरक पडतो, म्हणून पाया लहान करून जागा वाचवू नये.

इथे पुष्कळ जण एक चूक करतात. अधिक चिन्हासारखा चार पायांचा पाया केला की ते पायाची लांबी मोजतात, पण टेबल पायावरून नव्हे तर शेजारच्या दोन पायांची टोके जोडणाऱ्या रेषेवरून उलटते, आणि ती रेषा पायाच्या लांबीच्या ०.७ पटीवर असते. म्हणजे ४०० मिलिमीटरचे चार पाय केले तर प्रत्यक्षात २८० मिलिमीटरच मिळतात. ४०० हवे असतील तर प्रत्येक पाय ५६० ते ५७० मिलिमीटरचा करावा लागेल. तो टॉपच्या कडेपासून १८० मिलिमीटर आत राहतो, त्यामुळे बसणाऱ्याच्या चपलेला ठेच लागत नाही. गोल जाड पत्र्याची तबकडी केली तर हा प्रश्न येत नाही, पण तिच्याखाली कचरा साचतो आणि फरशी पुसणाऱ्याचे हाल होतात. मी चार पायच करतो आणि त्यांच्या टोकांना फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे बूट लावतो. शहाबादी फरशीवर चार टोके कधीच एका पातळीत येत नाहीत आणि डगमगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवलेली पाहिली की मला वाईट वाटते.

खांबाच्या डोक्यावर जी पोलादी तबकडी येते ती ६ मिलिमीटर जाड आणि निदान ४५० मिलिमीटर व्यासाची असावी आणि ती लाकडाला थेट न जोडता रंधा यांनी सांगितलेल्या दोन चॅनेलना बोल्टने जोडावी. मग लाकडाची हालचाल फक्त चॅनेलच्या लांबट भोकांत होते आणि पायाचा तिच्याशी संबंध येत नाही. जमिनीपासून टॉपच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत ७५० मिलिमीटर ठेवावे.

बैठकपंगत

सर्वांचे मनापासून आभार. इतके दिवस खरे कारण मला कळत नव्हते. आपली उत्तरे वाचून काल रात्री दुकान बंद केल्यावर ते जुने टेबल उलटे केले. सोळाही स्क्रूंची भोके गोल आहेत, एकही लांबट नाही, आणि कडेच्या दोन स्क्रूंच्या माना वाकलेल्या आहेत.

घरी आणि भागीदाराशी बोलून असे ठरवले आहे की दोन टेबले भरीव सागवानाची आणि दोन मरीन प्लायवर सनमायका लावून करावीत. पंखे असलेल्या दर्शनी भागात भरीव आणि वातानुकूलित खोलीत प्लायची. तिथे दिवसा यंत्र चालू असते आणि रात्री बंद, त्यामुळे त्या खोलीत भरीव लाकूड ठेवण्याची मला भीती वाटते. लाकडाची खरेदी आता करून जोडकाम डिसेंबरमध्ये करू. रंधा, एकच विचारायचे राहिले: तडा गेलेला जुना टॉप टाकून द्यावा का? लाकूड चांगले असेल तर जीव होत नाही.

रंधा

टाकू नका. सगळे स्क्रू काढून टॉप चौकटीवरून मोकळा करा आणि पंख्याच्या हवेत, दोन्ही बाजूंना वारा लागेल असा, आडव्या पट्ट्यांवर महिनाभर ठेवा. त्यानंतर ओलावा मोजून तो १० ते ११ च्या दरम्यान आला की दोन्ही तडे ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा कडेपासून कडेपर्यंत सरळ कापून पूर्ण काढून टाका. फटीत भरलेला भुसा आणि जुना डिंक लागलेले लाकूड अजिबात शिल्लक ठेवू नका, कारण डिंक लागलेल्या कडेवर नवा डिंक लाकडात मुरत नाही आणि सांधा वर्षभरात सुटतो. कापताना वर्तुळाच्या मध्याची जुनी खूण निरुपयोगी होईल. पुन्हा जोडल्यावर नवा मध्य शोधून नवा गोल काढावा लागेल.

पट्टा ४० मिलिमीटरचा निघाला असे धरले तर १४५० मिलिमीटरचा गोल मिळेल. आठ जणांना तो थोडा कमी पडेल, प्रत्येकाला ५७० मिलिमीटरच येतील, पण सात जणांना ऐसपैस ६५० मिळतील. जुनी चौकट मात्र भंगारात द्या आणि काटकोन सांगतात तसा पाया करून घ्या. खाली चॅनेलसाठी खाच करताना जुन्या स्क्रूंची भोके मध्ये आली तर ती सागवानाच्या खुंट्या डिंकासह ठोकून आधी बुजवा, त्यांचे रेषे टॉपच्या रेषांच्या दिशेने ठेवून, आणि मगच राऊटर फिरवा.